परसबागेतील घोयरा : ओळख आणि गैरसमज

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे मागितला तो इतिहासाचा लेख. अठ्ठावीस वर्षे जो विषय शिकविला त्यावर लिहिणे आम्हांस अवघडही नव्हते. परंतु गेल्या वर्षी आपल्या एका माजी विद्यार्थिनीच्या परसबागेतील एका प्राण्याची ओळख पटविण्यात आमचा बराच वेळ गेला, आणि त्या निमित्ताने आमच्या हातून पूर्वी घडलेली एक चूकही आम्हांस पुन्हा पाहावी लागली. म्हणून या वेळी आम्ही सरड्यावर लिहीत आहोत. मधून मधून इतिहास डोकावेल. त्याला आमचा इलाज नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या विद्यार्थिनीचा निरोप आला. ती आता दोन मुलांची आई आहे, नोकरी करते, आणि घरामागच्या चार-पाचशे फूट जागेत तिने लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, सीताफळ, शेवगा असे सारे हौसेने लावले आहे. निरोप असा होता : 'जयभीम सर. कुंपणावर घोयरा बसला आहे. नरडे लालभडक आहे. सासूबाई म्हणतात, हा लांबूनच माणसाचे रक्त ओढतो. शेजारचे काका काठी घेऊन आले आहेत. काय करू?' सोबत छायाचित्र होते. आम्ही ते मोठे करून पाहिले. रंगाकडे लक्ष दिले नाही, मानेकडेही नाही. पुढचा पंजा शोधला. पाची बोटे सुटी, लांब, नखे असलेली. तत्काळ कळविले : 'हा घोयरा नव्हे, बागेतला साधा सरडा आहे. रक्त पीत नाही. काकांना चहा द्या.'

काका चहा पिऊन गेले आणि सरडा वाचला. परंतु पंजाच का पाहिला, हा प्रश्न तिने संध्याकाळी विचारला. तो विचारण्याजोगाच होता. हा लेख म्हणजे त्याचे लांबलेले उत्तर आहे.

मुळात आपल्याकडे नावांचा घोळ आहे. कुंपणावर, बांधावर, झाडाच्या खोडावर जे काही खरखरीत अंगाचे, चार पायांचे आणि लांब शेपटीचे दिसते त्या सर्वांना आपण सरडा म्हणतो. त्यातला एखादा रंग बदलताना दिसला की लगेच तो घोयरा, कुठे घोयऱ्या सरडा, तर हिंदीच्या सहवासातल्या भागांत गिरगिट होतो. ग्रंथांतून सरडगुहिरा हे नाव आढळते आणि शहरी मुले शॅमेलिऑन म्हणतात. वस्तुतः हे दोन वेगळ्या कुळांतील प्राणी आहेत. एक बागेतला सरडा. त्याचे शास्त्रीय नामकरण दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये केले आणि त्याला 'व्हर्सिकलर', म्हणजे नानारंगी, हे विशेषण जोडले. दुसरा खरा घोयरा. त्याचे वर्णन व्हिएन्नाच्या लॉरेंटीने १७६८ मध्ये केले आणि श्रीलंकेच्या जुन्या नावावरून त्याला 'झेलॅनिकस' म्हटले. जगात घोयऱ्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात मात्र ही एकच जात आहे. तेव्हा आपल्या बागेत घोयरा आला असेल तर तो हाच, आणि हा नसेल तर तो घोयरा नव्हे. ओळखणाऱ्याचे काम इतके सोपे क्वचितच असते.

नानारंगी हे नाव ज्याला मिळाले तो घोयरा नसून साधा सरडा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रंग तोही बदलतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नराचे डोके, गळा आणि खांदे लाल होतात, गळ्याच्या बाजूंना काळा डाग उमटतो, आणि तो उंच जागी बसून पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो. हे सारे मादीला आकर्षित करण्यासाठी आणि दुसऱ्या नराला बजावण्यासाठी असते. गळ्याला आलेला तो रंग म्हणजे कुणाचे प्यालेले रक्त नव्हे. परंतु ही समजूत केवळ आपल्या आज्यांची आहे असे कुणी समजू नये. इंग्रजांच्या काळातल्या पुस्तकांतही या गरीब प्राण्याला 'ब्लडसकर' असे नाव दिलेले आढळते. छापले गेले म्हणून ऐकीव गोष्ट ऐकीव राहत नाही, असे थोडेच आहे!

म्हणून पहिला नियम असा की रंगाची साक्ष शेवटी घ्यावी. ज्या गोष्टी बदलत नाहीत त्या आधी पाहाव्यात. त्यात पाय सर्वांत भरवशाचा. घोयऱ्याची बोटेही पाचच असतात, पण ती दोन जुड्यांत एकत्र बांधलेली असतात आणि त्या जुड्या समोरासमोर येऊन फांदीला चिमट्यासारखी पकड घेतात. पुढच्या पायाच्या आतल्या जुडीत तीन आणि बाहेरच्या जुडीत दोन बोटे असतात. मागच्या पायाचे नेमके उलट, आत दोन आणि बाहेर तीन. इतके बारीक निरीक्षण कुणी आणि कधी केले असेल? ॲरिस्टॉटलने, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. त्याच्या प्राणिविषयक ग्रंथात भूमध्य समुद्राकडच्या घोयऱ्याचे जे वर्णन आहे त्यात बोटांची ही मांडणी अचूक दिली आहे, डोळ्यांचे वर्णन आहे आणि प्राणी चिरल्यावर आत काय दिसते तेही नोंदविले आहे. त्यानंतर चारशे वर्षांनी रोमन लेखक प्लिनी लिहितो की हा प्राणी काही खात-पीत नाही, केवळ हवेवर जगतो! नंतरचा ग्रंथ म्हणजे अधिक खरा ग्रंथ, असे आमचे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत गृहीत धरतात. त्यांना आम्ही हे उदाहरण देतो. एकाने पाय पाहिला होता, दुसऱ्याने ऐकले होते.

पायानंतर डोळा. साध्या सरड्याचा डोळा आपल्या ओळखीचा असतो. त्याला पापण्या असतात आणि बुबुळ स्पष्ट दिसते. घोयऱ्याचा डोळा म्हणजे पुढे आलेला कातडीचा शंकू. वरची-खालची पापणी एकमेकींना जुळलेली, आणि शंकूच्या टोकाशी बारीकसे छिद्र. हे दोन शंकू स्वतंत्रपणे फिरतात; एक वर आकाशाकडे, तर दुसरा मागे शेपटीकडे. भक्ष्य दिसले की मात्र दोन्ही पुढे रोखले जातात, आणि मग शरीराच्या लांबीइतकी, किंबहुना तिच्याहूनही लांब, चिकट टोकाची जीभ सुटते. नाकतोडा कुठे गेला हे पाहणाऱ्याला समजत नाही. ज्यांनी हे एकदा पाहिले त्यांना पुढची लक्षणे सांगावी लागत नाहीत.

तरीही सांगतो. साध्या सरड्याच्या डोळ्यामागे कानाचा वाटोळा पडदा दिसतो आणि त्याच्यावर दोन लहान काटे असतात. घोयऱ्याला बाहेरून कान दिसतच नाही. त्याऐवजी डोक्याचा मागचा भाग शिरस्त्राणासारखा उंचावलेला असतो. सरड्याचे अंग टोकदार खवल्यांचे, हात फिरवला तर खरखरीत. घोयऱ्याचे अंग बारीक दाणेदार आणि दोन्ही बाजूंनी चेपलेले, जणू उभे धरलेले पान. त्याच्या शेपटीचा तर पाचवा पाय झालेला असतो. ती फांदीला वेढे घालते आणि काम नसले की घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली राहते. पालीसारखी शेपूट मात्र या दोघांचीही तुटून पडत नाही. आकारावर विसंबू नये. शेपटीसह दोघेही हातभर लांबीच्या आतबाहेर भरतात.

आणि चाल. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण ज्याने केली तो माणूस चांगला निरीक्षक असला पाहिजे. साधा सरडा खरोखरच धावतो आणि खरोखरच कुंपणाशी थांबतो. घोयऱ्यावर मात्र ही म्हण कुणी केली नसती, कारण तो धावतच नाही. एक पाय उचलतो, हवेत धरतो, पुढेमागे झुलतो, मग ठेवतो. वाऱ्याने पान हलावे तसा. आम्हांस या चालीवरून ककण्टक जातकाची आठवण होते. मिथिलेच्या विदेह राजाच्या उद्यानाच्या कमानीवर राहणारा ककण्टक राजाला पाहून खाली उतरे आणि जमिनीवर नमून पडे. राजाने त्याला रोज अर्ध्या मासकाचे मांस बांधून दिले. एका उपोसथाच्या दिवशी मांस मिळेना, म्हणून सेवकाने ते नाणेच त्याच्या गळ्यात बांधले. त्या दिवसापासून धनवान झालेला ककण्टक कमानीवरून उतरेनासा झाला. महोसध पंडिताने कारण बरोबर ओळखले. अनुवादक ककण्टक या शब्दासाठी बहुधा शॅमेलिऑन हा प्रतिशब्द वापरतात. आमचे नम्र मत असे की तो बागेतला सरडा असावा. घोयरा असता तर राजाची स्वारी उद्यानात जाऊन परत आली असती तरी तो अर्ध्या कमानीवरच असता.

आता रंगाची साक्ष घेऊ. घोयरा ज्या वस्तूवर बसतो तिचा रंग घेतो, ही सर्वांत लोकप्रिय समजूत. ती खरी नाही. लाल फडक्यावर ठेवला म्हणून तो लाल होत नाही. झाडात तो दिसत नाही याचे कारण त्याचा नेहमीचा रंगच हिरवा-पिवळा असतो आणि अंगावरचे पट्टे, ठिपके पानांच्या ऊनसावलीत मिसळून जातात. रंग पालटतो तो ऊन, थंडी, भीती, राग आणि मीलनाची इच्छा यांमुळे. सकाळी गारठलेला घोयरा गडद होऊन उन्हाकडे कुशी करतो, कारण गडद अंग लवकर तापते. डिवचला तर काळपट पडतो. हे कसे घडते याचा एक भाग जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिला. कातडीतील विशिष्ट पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांतील अंतर कमी-अधिक झाले की परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. रंगद्रव्याच्या पेशींचे काम याखेरीज चालू असतेच. थोडक्यात, हा प्राणी रंगाने लपवीत नाही, सांगतो. आपण राजकारणातल्या माणसांना सरड्याची उपमा देतो तेव्हा अन्याय कुणावर होतो, याचा विचार वाचकांनी करावा.

येथवर लिहिलेले सारे आम्हांस कुणी तरुणपणी सांगितले असते तर बरे झाले असते. नोकरीचे ते दुसरे वर्ष. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी एका वसतिगृहावर देखरेखीला होतो. सुटीच्या दिवशी दुपारी आवारातल्या बाभळीखाली मुलांचा गलका ऐकू आला म्हणून गेलो. बाभळीच्या खालच्या फांदीवर एक हिरवा प्राणी होता आणि मुलांच्या हाती दगड होते. आम्ही दहा हातांवर उभे राहिलो. 'थांबा' म्हणावयाचे ते राहिले. 'जवळ जाऊ नका, विषारी असतो,' एवढेच म्हणालो. मास्तरांचे ते वाक्य मुलांनी परवानगी म्हणून घेतले. प्राणी काळा पडला, फुगला, तोंड उघडून फुसफुसला आणि एक पाय उचलून झुलत राहिला. त्याला पळता येत नव्हते. आम्ही त्याच्या न पळण्याचा अर्थ उर्मटपणा असा लावला. चौथ्या की पाचव्या दगडाला तो खाली पडला. पोट फुटले होते आणि त्यातून पांढरी, लांबट अंडी बाहेर आली होती. वीसच्या आसपास असावीत. आम्ही मोजली नाहीत. सहावीतल्या एका मुलाने विचारले, 'सर, याने कुणाला काय केले होते?' आम्ही त्याला सांगितले, 'जा, हात धुवून ये.'

तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणे लागतो. घोयऱ्याला विष नसते. त्याच्या फुसफुसण्यात विष नसते, थुंकीत नसते, नजरेत तर नसतेच. फार छेडला तर चावा घेतो, त्याने माणसास अपाय होत नाही. त्याने कुणाला काही केले नव्हते. अंडी घालण्यासाठी मादीला झाड सोडून जमिनीवर यावे लागते, आणि तेवढ्याच प्रवासात ती माणसाच्या, कुत्र्याच्या किंवा चाकाखाली सापडते. ती मादी बहुधा त्याच वाटेवर होती.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये घोयऱ्यास संरक्षण आहे. त्याला मारणे, पकडणे, बरणीत किंवा पिंजऱ्यात पाळणे, विकणे हा गुन्हा होतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आणि विज्ञाननिष्ठ दृष्टी ही दोन कर्तव्ये अनुच्छेद ५१क मध्ये (छ) आणि (ज) अशी एकाखाली एक लिहिलेली आहेत. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही ती पाठ करून घेत असू. बाभळीखाली त्यांतले एकही आठवले नाही.

ऑक्टोबरात विद्यार्थिनीचा दुसरा निरोप आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाहून घरी परतून आम्हांस दोनच दिवस झाले होते. या वेळी छायाचित्र नव्हते, चित्रफीत होती. कढीपत्त्याची एक डहाळी वारा नसताना हलत होती. आम्ही लगेच निघालो.

घोयरा दिवसा शोधणे म्हणजे डोळ्यांची परीक्षा. झाडापासून आठ-दहा पावलांवर स्वस्थ बसावे आणि सगळी पाने स्थिर असताना एकच कोणते झुलते आहे ते पाहावे. रात्री काम सोपे होते. तो डहाळीच्या टोकाशी शेपूट गुंडाळून झोपतो, झोपेत फिकट पडतो, आणि विजेरीच्या उजेडात पानांमध्ये पांढुरका उठून दिसतो. उजेड क्षणभरच टाकावा, फांदी हलवू नये. आम्ही संध्याकाळी साडेसातला गेलो, तर सातवीतल्या तिच्या मुलाने दुसऱ्याच मिनिटाला बोट दाखविले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. 'मास्तर, रक्त ओढील हो,' म्हणाल्या. आम्ही त्यांना जवळ बोलाविले. त्या आल्या नाहीत. पण आतही गेल्या नाहीत. मुलाने हात न लावता, विजेरी आईच्या हाती देऊन, पुढच्या पायाची बोटे मोजली. 'आत तीन, बाहेर दोन,' तो म्हणाला. मागच्या पायाचे सांगण्यापूर्वी सासूबाई मागून म्हणाल्या, 'पोट केवढे आहे बघा तिचे. गाभण आहे.' चार बाळंतपणे केलेल्या बाईला जे दिसले ते ॲरिस्टॉटलचे नाव घेणाऱ्या आम्हांस दिसले नव्हते.

पुढच्या आठवड्यात ती मादी भरदुपारी खाली उतरली आणि गुलाबाच्या वाफ्याशेजारच्या भुसभुशीत मातीत पुढच्या पायांनी उकरू लागली. काम बराच वेळ चालले. त्या अवधीत कुत्र्याला दाराबाहेर ठेवण्याची जबाबदारी काठी घेऊन आलेल्या त्याच काकांनी घेतली. माती लोटून खड्डा बुजविल्यावर ती शेवग्यावर चढून गेली आणि नंतर दिसली नाही. सासूबाईंनी त्या जागेभोवती बोरीच्या काट्या रोवल्या आणि भांड्यांचे पाणी वाफ्यात टाकणे बंद केले.

ही अंडी फुटण्यास कित्येक महिने लागतात. लेख छपाईस देण्यापूर्वी आम्ही फोन करून विचारले. अद्याप काही हालचाल नाही. मुलाने मात्र तेथे पुठ्ठ्याची पाटी लावली आहे. वर 'घोयरा' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि खाली ओळखीसाठी चारही पायांची चित्रे काढली आहेत. तिचे छायाचित्र आम्हांस आले आहे. पुढचे पाय बरोबर आहेत, मागच्या पायांची बोटे उलटी पडली आहेत. ती दुरुस्त करावयास आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत.